ओळख आणि प्रामाण्य
न्यायदर्शनानुसार प्रत्यभिज्ञा, म्हणजे समोरची वस्तू पूर्वी जाणलेलीच आहे अशी ओळख, प्रत्यक्षाला पूर्वानुभवाच्या संस्काराची जोड मिळून घडते. आकाशाच्या छायाचित्राला खगोलीय निर्देशांक जोडणाऱ्या ‘अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेट’ या आज्ञावलीचे कार्य याच्याशी विलक्षण जुळते. ती चार तारे निवडते, त्यांतील परस्परांपासून सर्वांत दूरच्या दोघांना आधार मानून उरलेल्या दोघांची स्थाने चार संख्यांत मांडते आणि, चित्र फिरवले वा लहानमोठे केले तरी न बदलणाऱ्या या संख्या, तारकासूचीशी ताडून पाहते. मात्र साम्य योगायोगानेही आढळते. म्हणून त्या जुळणीनुसार इतर तारे अपेक्षित जागी खरोखर आहेत का, हे तपासल्यावरच ती उत्तर स्वीकारते. ज्ञानाची सत्यता त्या ज्ञानाबाहेरच्या कसोटीवर ठरते, हा नैयायिकांचा परतःप्रामाण्यवाद येथे, ज्ञान स्वतःच प्रमाण असते या मीमांसकांच्या स्वतःप्रामाण्यवादापेक्षा अधिक सयुक्तिक ठरतो.