न दिसणारी सल

घोड नदीकाठचे शिरूर आणि भीमेकाठचे दौंड, दोन्ही पर्जन्यछायेतले कोरडे, धुळीचे तालुके. अशा भागात डोळ्यांत सतत खुपतंय म्हणणाऱ्याच्या खालच्या पापणीत नेत्रतज्ज्ञ कागदाची पट्टी अडकवतात आणि 5 मिनिटांत ती किती भिजली ते मोजतात. पण शुष्क नेत्रविकारात माप आणि वेदना अनेकदा जुळत नाहीत. मग प्रमाण कोणते? माझ्या मते, वेदनेपुरता रुग्णच. न्यायदर्शन दुःखाचे ज्ञान मनाला होणारे प्रत्यक्षच मानते. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात तर विवेकी माणसाला डोळ्याचीच उपमा आहे: इतर अंगाला न बोचणारा लोकरीचा धागा डोळ्याला दुखवतो. अशाने निदान चुकेल, हा आक्षेप रास्त आहे; मात्र वेदना खरी मानणे म्हणजे रुग्णाने सांगितलेले कारण मान्य करणे नव्हे. कारण तपासणीनेच शोधावे. पण पट्टी भिजली एवढ्यावरून ‘काही झालेलं नाही’ म्हणत कुणालाही घरी धाडू नये.