आईबाप गुरू झाले की

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचे ठरवले की नातेवाइकांचे प्रश्न ठरलेले असतात: दहावीचे काय, मित्र कुठून मिळणार, कायद्यात हे बसते का? या प्रश्नांना बरीवाईट उत्तरे आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसता येते. मित्र वाड्यात, मैदानावर मिळतात. 2009 चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य मानतो, पण तसे न करणाऱ्या पालकाला शिक्षा काही सांगत नाही. व्यवहार असा कसाबसा निभावतो. सहज न निभावणारा प्रश्न धर्माचा आहे. ज्याने जन्म दिला, ज्याचा जीव त्या मुलात अडकला आहे, त्याला त्याच मुलाचा गुरू होता येते का? माझे म्हणणे असे, की होता येते. पण मुलाचे शिकणे ही आपली कमाई नव्हे, हे ज्याला रोज मान्य करता येईल त्यालाच.

रोज म्हणायचे कारण या घरांच्या दिनक्रमातच आहे. शाळेत जाणारे मूल संध्याकाळी दप्तर कोपऱ्यात भिरकावते तेव्हा बाई, गुण, लाल शेरे निदान काही तास मागे पडतात. घरी शिकणाऱ्या मुलाला हा उंबरठाच नसतो. सकाळी सातचा पाढा चुकला म्हणून जिच्या कपाळाला आठी पडली, तीच दहा वाजता वरणभात कालवून देते आणि दुपारी थोपटून निजवते. त्या आठीत शिक्षिका किती आणि आई किती, हे सहा वर्षांच्या मुलाला कसे कळावे? त्याच्या लेखी पाढा चुकणे म्हणजे आई नाराज होणे. आईचीही कोंडी होते. त्याच वयाचा भाचा घडाघडा इंग्रजी वाचतो असे फोनवर कळले की संध्याकाळी वाचन अर्धा तास वाढते. तो अर्धा तास मुलासाठी नसतो. घेतलेला निर्णय चुकला नाही हे सासर-माहेरला दिसावे, यासाठी असतो. मुलाला तिथे साक्षीदार म्हणून उभे केलेले असते.

बापाने शिकवण्याचे प्रसंग उपनिषदांत पुष्कळ आहेत, आणि ते या कोंडीकडे डोळेझाक करत नाहीत. छांदोग्यात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला बाराव्या वर्षी गुरुगृही धाडतो. चोविसाव्या वर्षी मुलगा सगळे वेद शिकून, ताठ मानेने परत येतो, आणि मग बाप शिकवायला बसतो. साधन काय, तर घरातले मीठ आणि पाणी. रात्री पाण्यात टाकलेले मीठ सकाळी सापडत नाही, पण वरून, मधून, तळातून कुठूनही चाखले तरी पाणी खारटच लागते. त्याच उपनिषदात आणखी एक प्रसंग आहे. राजा प्रवाहण जैवलीच्या पाच प्रश्नांपुढे निरुत्तर झालेला श्वेतकेतू बापाला जाब विचारतो: मला सगळे शिकवले म्हणालात, ते कसे? हे मलाही ठाऊक नाही, असे सांगून बाप स्वतःच राजाकडे शिष्य म्हणून जातो. सत्यकामाची आई जबाला तर मुलाला गोत्रही सांगू शकत नाही. माहीत नाही, एवढेच खरे सांगते, आणि तेच खरे बोलणे ऐकून गुरू त्याचा स्वीकार करतात. तैत्तिरीयात भृगू ब्रह्म काय हे विचारायला पित्याकडे, वरुणाकडे जातो. अन्न, प्राण, मन, विज्ञान अशी एकेक उत्तरे घेऊन तो परत येतो, आणि वरुण दर वेळी त्याला पुन्हा तप करायला पाठवतो. शेवटी भृगूला आनंदाचे उत्तर सापडते, आणि त्यानंतर तो बापाकडे परत गेल्याचा उल्लेखच नाही. या सगळ्यांत समान धागा एकच: आईबाप शिकवतात, पण ज्ञानाचे शेवटचे ठिकाण आपणच आहोत असे समजत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, श्वेतकेतू जाणता तरुण होता. सहा वर्षांच्या मुलाला भृगूसारखे तप कर म्हणून कसे चालेल? खरे आहे. बाराखडी आणि पाढे सरळ सांगावे लागतात, घोटून घ्यावे लागतात. मुद्दा पद्धतीचा नाही, भूमिकेचा आहे. चिंचेची पाने रात्री का मिटतात, या प्रश्नाला ‘मलाही माहीत नाही, शोधू या’ असे उत्तर कणीक मळता मळता देता येते, आणि ते लहान मुलालाही कळते.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. या देशात विद्या शतकानुशतके घरातच शिकवली गेली आणि म्हणूनच ती ठरावीक घरांतच राहिली. 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली ती ही कोंडी फोडायला. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा अशी मागणी केली. ज्यांच्या आईबापांकडे द्यायला अक्षरही नव्हते त्यांच्यासाठी शाळा ही मुक्ती होती, अजूनही आहे. शिकलेल्या, सवड असलेल्या घरांनी घरशिक्षणाला सार्वत्रिक आदर्श म्हणून मिरवणे म्हणजे हा इतिहास विसरणे. पण या आक्षेपातून घरशिक्षण अधर्म ठरत नाही. बंद घर अधर्म ठरते. मुलाला कुंभाराकडे, वाचनालयात, वेगळ्या जातीधर्माच्या सवंगड्यांत सोडणे हा घरशिक्षणात फावल्या वेळचा छंद नसून त्याची पहिली अट आहे. आपल्यापेक्षा वेगळा विचार करणाऱ्या माणसापुढे मुलाला बसवायची तयारी नसेल, तर शाळाच बरी.

मुलाच्या शिकण्याच्या फळावरची मालकी सुटली नाही की काय होते, याचे आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण गांधीजींचे आहे. दक्षिण आफ्रिकेत इतर हिंदी मुलांना ज्या युरोपीय शाळांत प्रवेश नव्हता तिथे आपली मुले सवलत म्हणून घालायची नाहीत, हा त्यांचा निर्णय उदात्तच होता. जोहान्सबर्गला कचेरीत पायी जाता-येता ते मुलांना शिकवत. मुलांना पुरेसा वेळ देता आला नाही, याची कबुली त्यांनी आत्मकथेत दिली. पण मिळालेल्या संस्कारांपुढे ते नुकसान त्यांना थोडे वाटले. थोरल्या हरिलालला तसे वाटले नाही. 1911 मध्ये शिकण्यासाठी तो घर सोडून अहमदाबादला आला, आणि वडिलांवरचा त्याचा राग जन्मभर गेला नाही. तत्त्व बापाचे होते, किंमत मुलाने मोजली, आणि त्याचे मत मोजणीत नव्हते.

मग फळाची आशा सोडायची म्हणजे मूल वाचते की नाही हेही पाहायचे नाही का? पाहायचेच. निष्काम कर्मात कर्म ढिले करायला मुभा नाही. उलट लोक काय म्हणतील याकडे जाणारे लक्ष कामाकडे वळते, म्हणून कर्म अधिक नेटके होते. मुलाला अजून वाचता येत नाही, ही काळजी रास्त. ती मुलाची अडचण म्हणून वाटते की आपली अप्रतिष्ठा म्हणून, एवढे मात्र तपासावे लागते. ही कसोटी शाळेत घालणाऱ्यांनाही लागू आहे, कारण तिथलाही निकाल आईबाप स्वतःचा समजतात. फरक इतकाच, की शाळेतल्या मुलाला बाईंच्या आड लपायला जागा असते आणि घरच्याला नसते. म्हणून घरी शिकवणाऱ्याने एक वाट आधीच उघडी ठेवली पाहिजे: ‘मला शाळेत जायचे आहे’ असे मूल उद्या म्हणाले, तर तो आपला पराभव न मानता प्रवेशाचा अर्ज आणायला जाता आले पाहिजे. ज्याला हे जमणार नाही, त्याने गुरूपण मागू नये. आईबाप असणे पुरेसे मोठे काम आहे.