ठेव कोणाच्या नावावर?



काही महिन्यांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर एक जोडपे माझ्या ऑफिसात आले. बराच वेळ दोघेही खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. शेवटी बाईंनी विचारले, "फादर, आमची एफडी दिरांच्या नावावर केली तर पाप लागेल का?"

त्यांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून हा प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो आहे. तो त्या दोघांपुरता नाही. आपल्या कसब्यातल्या जुन्या वाड्यांतून आणि नव्या इमारतींतून अशी कितीतरी घरे आहेत.

हकीकत अशी. गृहस्थांचा उजवा हात कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये गेला. नोकरी गेली, भरपाईचे सहा लाख मिळाले, ते बँकेत ठेवले. सात टक्क्यांनी वर्षाला 42,000 रुपये व्याज येते. बाई दोन घरी पोळ्या करतात, त्याचे महिन्याला दीड हजार म्हणजे वर्षाला 18,000. अपघातापूर्वी घेतलेल्या घराचे चार लाखांचे कर्ज शिल्लक आहे. त्याचा हप्ता सध्या धाकटा भाऊ भरतो. मुलगी बारावीला आहे.

संजय गांधी निराधार अनुदान योजना 1980 पासून चालू आहे. किमान 40 टक्के अपंगत्व असेल तर तिचा लाभ मिळतो. दरमहा 600 रुपयांचे 2019 मध्ये एक हजार झाले, 2023 मध्ये दीड हजार आणि 2025 मध्ये दिव्यांगांसाठी अडीच हजार. अट अशी की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 50,000 च्या आत हवे. योजना ठेव विचारत नाही, उत्पन्न विचारते. पण व्याज हे उत्पन्नच. 42 आणि 18 मिळून 60,000 होतात. दहा हजार जास्त झाले म्हणून वर्षाचे तीस हजार हातचे जातात. हे गणित त्यांना कोणीतरी कचेरीच्या दारात समजावले आणि उपायही तिथेच सांगितला: ठेव भावाच्या नावावर करा.

मला प्रथम रागच आला, त्यांचा नव्हे, गणिताचा. त्यांनी भरपाईचा एक पैसा उधळला नाही. उधळला असता तर आज अनुदान मिळाले असते. प्रभू येशूच्या तलांतांच्या दाखल्यात धनी त्या भित्र्या दासाला रागावतो, की पैसे पुरून काय ठेवलेस, सावकाराकडे ठेवले असतेस तर व्याजासकट मिळाले असते. तहसीलदारांच्या दाखल्याचा न्याय उलटा आहे. सावकाराकडे ठेवणारा बाद आणि पुरून ठेवणारा पात्र! याच सहा लाखांचे सोने घेऊन ट्रंकेत ठेवले तर उत्पन्न शून्य. (हे वाचून कोणी सराफाकडे धावू नये.)

ही अडचण आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत गरीब अपंगांच्या एका सरकारी भत्त्यासाठी एकट्याजवळ दोन हजार डॉलर आणि जोडप्याजवळ मिळून तीन हजार एवढीच शिल्लक चालते. हे आकडे 1989 पासून हललेले नाहीत. दोघे वेगळे राहिले तर चार हजार, लग्न केले तर तीन. विवाहाचा संस्कार देणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून वाईट वाटते. इंग्लंडमध्ये मात्र एक भेद केला आहे. उदरनिर्वाहासाठी मिळणारी मदत जोडप्याची बचत 16,000 पौंडांवर गेली की थांबते, पण अपंगत्वामुळे होणाऱ्या जादा खर्चासाठीचा भत्ता बचत न बघता मिळतो.

हा भेद मला महत्त्वाचा वाटतो. हात गेलेल्या माणसाला रिक्षा लागते, मदतनीस लागतो, औषधे लागतात. हा खर्च त्याच्या शेजाऱ्याला नाही. तो भरून देणे ही भीक नव्हे, न्याय आहे. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगांना अशा योजनांत इतरांपेक्षा किमान पंचवीस टक्के जास्त मदत द्यावी असे म्हटले, पण निवृत्तिवेतनाला उत्पन्नाची मर्यादा ठेवलीच. पोप लिओ तेरावे यांनी 1891 च्या आपल्या विश्वपत्रात कामगाराने मजुरीतून थोडे शिल्लक टाकावे आणि स्वतःचे काही उभे करावे अशी इच्छा व्यक्त केली होती. कायद्याने त्या शिल्लक टाकण्याला शिक्षा होऊ नये, एवढे तरी ख्रिस्तसभेच्या शिकवणीवरून म्हणता येते.

मग वाईट नियमाला खोटे सांगावे का? सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस शिकलो. अगदी प्राणावर बेतले असता दुसऱ्याचे घेणे ही चोरी नाही, असे ते म्हणतात. पण या घरात उपासमार नव्हती आणि तसे त्यांनीही मला सांगितले. नियमाचे अक्षर नियमाच्या हेतूविरुद्ध जात असेल तर हेतू पाहावा, असेही संत थॉमस सांगतात. मात्र तो हेतू पाहण्यासाठी अधिकाऱ्यापुढे खरी परिस्थिती तरी ठेवायला हवी. खोट्या कागदावर सही करणाऱ्याला त्या वचनाचा आधार मिळत नाही.

मला प्रेषितांच्या कृत्यांतले ते दुसरे जोडपे आठवले, हनन्या आणि सप्पीरा. त्यांनी जमीन विकली आणि काही पैसे स्वतःजवळ ठेवले. पेत्र त्यांना पैसे ठेवल्याबद्दल बोलत नाही. जमीन तुमची होती, पैसेही तुमचेच होते, असे तो उघड म्हणतो. दोष खोटेपणाचा होता, तोही नवरा-बायकोने संगनमताने केलेला. पुष्कळजण ही गोष्ट कंजूषपणाची म्हणून सांगतात. ती तशी नाही.

म्हणून मी त्या दोघांना म्हटले, पैसे तुमचेच राहणार आणि कागदावर मात्र भावाचे होणार, तर ती आठव्या आज्ञेची गोष्ट झाली. (व्यवहारातही ते धोक्याचे. भावाचे मन आज चांगले आहे, पण उद्या त्याच्यावर प्रसंग आला, वारस उभे राहिले, तर तुमच्या हातात काय उरेल?) पण त्याच पैशांतून घराचे कर्ज फेडलेत तर? तेव्हा पैसे खरोखरच हातातून जातात, व्याज खरोखरच कमी होते आणि दाखल्यावर खरे तेच येते. शिवाय कर्जावर तुम्ही बँकेला जे व्याज देता, ते ठेवीवर मिळणाऱ्या व्याजापेक्षा जास्त आहे.

मंडळातले एक ज्येष्ठ गृहस्थ हे ऐकून म्हणाले, "फादर, ही पळवाटच झाली की." मी त्यावर बराच विचार केला. मला तसे वाटत नाही. भावाच्या नावावर ठेवणारा पैसे राखतो आणि नाकारतो. कर्ज फेडणारा ते देऊन टाकतो आणि त्याची किंमत मोजतो. ती किंमत लहान नाही. बाई लगेच म्हणाल्या, "पण फादर, उद्या हे आजारी पडले तर घराच्या भिंती दवाखान्यात नेता येत नाहीत." याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अपघात पाहिलेल्या घराला हातातल्या पैशांचा आधार काय असतो, हे दरमहा मानधन मिळणाऱ्या धर्मगुरूने त्यांना सांगू नये.

शेवटी त्यांनी स्वतःच ठरवले. तीन लाख कर्जात भरले, तीन लाख ठेवले. ठेवीचे व्याज 21,000 आणि पोळ्यांचे 18,000 मिळून 39,000 झाले. पोळ्यांचे पैसे अर्जात लिहायचे की नाही यावरही घरात वाद झाला, कारण ते कोण तपासणार? बाईंनी लिहिले. अर्ज तहसील कचेरीत दिला आहे, निकाल अजून आलेला नाही. भावाने सांगितले आहे की उरलेल्या लाखाचा हप्ता तोच भरणार.

आपल्या धर्मग्रामात ज्यांच्या घरी दिव्यांग व्यक्ती आहे आणि ज्यांनी केवळ बँकेत ठेव आहे म्हणून अर्जच केला नाही, त्यांनी येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात यावे. अपंगत्वाचा दाखला, आधार, रेशनकार्ड आणि बँकेचे पासबुक आणावे. ज्यांना अनुदान चालू आहे त्यांनी हयातीचा दाखला दिला आहे ना, तेही पाहून घ्यावे. फॉर्म भरून द्यायला आपले दोन तरुण बसतील. ज्यांना जिने उतरवत नाहीत त्यांच्या घरी मी येईन, निरोप द्या.

प्रभूमध्ये तुमचा,
धर्मगुरू