अंगावरचं आणि ताटातलं

माणसाला स्वतःच्या अंगावर काहीतरी कोरून घेण्याची हौस फार जुनी. आमच्या आजीच्या हातावर तुळशीवृंदावन होतं. "मेल्यावर बरोबर येतं ते गोंदणच, दागिने सुना वाटून घेतात," असं तिचं तत्त्वज्ञान होतं. शिरूरच्या बाजारात ते गोंदवून घेताना तिच्यापुढे भाषांतराचा प्रश्न आला नाही. तुळशीला शुद्धलेखन नसतं.

आता जमाना अक्षरांचा आहे, आणि तीही स्वतःला वाचता न येणाऱ्या अक्षरांचा. इंग्लंडचा फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम याने २००० साली बायकोचं नाव देवनागरीत हातावर गोंदवून घेतलं. व्हिक्टोरिया. हिंदीवाले हसले. म्हणाले, हा 'ह' मधेच कुठून उपटला? मला विचाराल तर त्यात काहीही वावगं नाही. एकेकाळच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवर ज्याचा अर्धा जन्म गेला, अशा कुठल्याही मराठी माणसाला विचारा. त्या बिचाऱ्याने शुद्ध मराठी लिहिलं आणि परीक्षक नेमके हिंदीचे निघाले!

माझ्या दौंडच्या भाच्याने मात्र थेट हिब्रूला हात घातला. हा रांजणगावच्या एका कारखान्यात नोकरीला. मुलगा गुणी, पण वेडं दोन. पहिलं म्हणजे जीवदयेपोटी त्याने मटण सोडलं आणि "मामा, पुढचा जमाना किड्यांचा आहे," असं तो सांगत सुटला. युरोपीय महासंघाने जानेवारी २०२३ मध्ये रातकिड्यांच्या पिठाला परवानगी दिली, मोठ्या जनावरांना लागतो तेवढा चारापाणी रातकिड्यांना लागत नाही, वगैरे त्याला तोंडपाठ. दुसरं वेड दंडावर. 'मुक्त' या अर्थाचा हिब्रू शब्द त्याने फोनवर शोधला आणि कायमचा कोरून घेतला. हिब्रूच का? तर म्हणे, पवित्र वाटतं.

एका रविवारी बहिणीकडे जेवायला भावोजींचे रेल्वेतले जुने स्नेही आले होते. अलिबागकडचे, बेने इस्रायल समाजातले. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांनी चष्मा लावून तो दंड उजवीकडून डावीकडे वाचला.

"अक्षरं सरळ आहेत, हे नशीब. बरेचदा उलटी पडतात. पण बाळा, हे मुक्त नव्हे. हे फुकट. साबणाच्या दोन वड्यांवर तिसरी मिळते ना, ते!"

"मग बरोबरच लिहिलंय," भावोजी म्हणाले.

काकांनी पुढे सांगितलं, की बायबलच्या लेवीय पुस्तकात एकोणिसाव्या अध्यायात अंगावर गोंदण करू नये अशी आज्ञाच आहे. भाच्याचा चेहरा पडला. पण त्याच पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात टोळ खायला परवानगी आहे, हे ऐकून तो पुन्हा वर आला.

"शी! टोळ?" बहीण म्हणाली आणि सगळ्यांना सुकट वाढू लागली. काकांनी ताटावर हात धरला. "नको वहिनी. पाण्यातलं, पण पंख-खवले नसलेलं आम्हांला वर्ज्य."

म्हणजे पाहा. ज्यांच्या धर्मग्रंथाला टोळ चालतो त्यांना सुकट चालत नाही, आणि सुकट मिटक्या मारत खाणाऱ्यांना टोळाच्या नावाने मळमळतं. दहा पायांचा मिशाळ जीव पाण्यात राहिला तर कालवण, सहा पायांचा गवतात राहिला तर शी!

"काका, मग तुम्ही टोळ खाता?" भाच्याने आशेने विचारलं.

नाही, आणि त्याचं कारणही भाषांतरच. ग्रंथात चार नावं आहेत, पण ते किडे नेमके कोणते? येमेनमधले यहुदी खात राहिले म्हणून ओळख टिकली. युरोपातले ओळख विसरले आणि चूक नको म्हणून त्यांनी खाणंच सोडलं. १६११ च्या इंग्रजी बायबलने तर चारांतल्या एकाचा भुंगेरा करून टाकला. अलीकडचे भाषांतरकार त्याला रातकिडा म्हणतात. एका शब्दाच्या फरकाने आपल्या उसावरच्या हुमणीचे भुंगेरेही पंगतीला बसले असते!

दौंडहून पुण्याकडे गाडीने निघालं की केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. आयुष्याची शेवटची वर्षं त्यात घातली. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि ग्रंथ १९२४ साली छापून निघाला. त्याच तालुक्यात आमच्या चिरंजीवांनी दोन सेकंदांत हिब्रू उरकलं!

बहीण मात्र शब्दांत अडकणारी नाही. तिने विचारलं, "एका बोकडात सगळी भावकी जेवते. तेवढ्या पिठाला रातकिडे किती मारशील रे?" भाचा गप्प झाला. एक मोठा जीव की लाख लहान जीव, हा हिशेब मलाही सुटलेला नाही. पण पहिला पाऊस झाला की बाभळीवरचे भुंगेरे झाडून रॉकेलच्या पाण्यात टाकतो ते आपणच. मारायला आपली ना नाही, फक्त खायला आहे!

किळस हेही मला एक गोंदणच वाटतं. दात येण्याच्या वयात आईच्या एका 'शी'ने ते मनावर उमटतं, आणि पुढे जन्मभर न वाचता आपण ते मिरवतो. कुणी वाचून दाखवलं तर रागावतो.

काकांचे पूर्वज कोकणात तेल गाळत राहिले. कित्येक शतकं हिब्रू विसरले, मराठी बोलू लागले. पण शनिवारी घाणा बंद ठेवायचा आणि खवल्यांशिवायचा मासा खायचा नाही, हे विसरले नाहीत. अंगावर एक अक्षर नव्हतं. सगळं ताटात होतं, म्हणून टिकलं.

त्या न्यायाने आमचा भाचाही पास म्हणायला हवा. दंडावरचा शब्द चुकला, पण तीन वर्षांत त्याने मटणाला बोट लावलेलं नाही, भावकीच्या कंदुरीतसुद्धा नाही. माणूस दंडावर वाचू नये, ताटात वाचावा.

त्या दिवशी मी सुकट दुसऱ्यांदा घेतली. पहिल्यांदाच तिच्या मिशा दिसल्या.