देहगुरूचे दोन दिवे

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

सद्भक्तहो, दत्तजयंतीला आपण श्रींची मूर्ती डोळे भरून पाहतो आणि लगेच हात जोडून डोळे मिटतो. पण ज्या डोळ्यांनी दर्शन झाले, त्यांच्याकडे कधी पाहिले आहे का? भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतांनी यदुराजाला चोवीस गुरू सांगितले आणि शेवटी स्वतःचा देहही गुरूच म्हटला. आज त्या देहगुरूचा एक धडा वाचू.

डोळा म्हणजे सुमारे 24 मिलिमीटर व्यासाचा गोळा, एखाद्या मोठ्या बोराएवढा. सर्वांत पुढे काचेसारखे पारपटल, म्हणजे डॉक्टरांचा कॉर्निया. त्यात एकही रक्तवाहिनी नाही, म्हणून ते इतके स्वच्छ. प्राणवायू ते मुख्यतः बाहेरच्या हवेतूनच घेते. त्यामागे रंगीत बुबुळ, आणि मधोमध बाहुली. उजेड वाढला की ती आकसते, अंधारात मोठी होते. तिच्यामागे भिंग, आणि अगदी आत दृष्टिपटल. तिथे मंद उजेडात काम करणाऱ्या सुमारे 12 कोटी पेशी, आणि रंग ओळखणाऱ्या फक्त 60 लाख. म्हणून तर काकड आरतीच्या अंधुक उजेडात शेजारचा माणूस ओळखू येतो, पण त्याच्या उपरण्याचा रंग सांगता येत नाही.

आता गंमत पाहा. दृष्टिपटलावर चित्र पडते ते उलटे! नेत्रचेता निरोप पोहोचवते मेंदूच्या मागच्या भागात, आणि तिथे ते सुलटे कळते. म्हणजे डोळा नुसता दरवाजा. पाहणारा आत बसलाय. शिवाय ही चेता जिथून बाहेर पडते, तिथे काहीच दिसत नाही. तो अंधबिंदू. एका डोळ्याच्या अंधबिंदूत जे हरवते, ते दुसऱ्याला दिसते. मी म्हणतो, गुरू हवा तो याचसाठी. आपल्याला न दिसणारी जागा त्याला दिसते.

दोन वर्षांपूर्वी माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवले. पट्टी निघाली आणि पिवळट वाटणारे धोतर पांढरेशुभ्र दिसले. धोतर तेच, फक्त मधला मळ गेला. नामस्मरण तरी दुसरे काय करते? काचबिंदूचे मात्र तसे नाही. तो बहुधा गुपचूप येतो आणि गेलेली नजर परत देत नाही. म्हणून चाळिशीनंतर डोळ्यांतला दाब अधूनमधून तपासून घ्यावा.

अवधूतांचा एक गुरू पतंग. रूपाला भुलून तो ज्योतीत जळतो. आपण मात्र दोन चांगले डोळे कसलाही मोह नसताना चितेवर ठेवतो! कोणाचे तरी पारपटल पांढरे पडलेले असते. आपले बसवले तर त्याला दिसू लागेल. एकाच्या नेत्रदानाने दोघांना दृष्टी मिळू शकते.

यावर घरातली वडीलधारी म्हणतात, "डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळे व्हाल." अहो, देह तर सगळाच अग्नीला देतो. मग पुढचा जन्म देहाविनाच का? जे जाळल्याने उणे होत नाही, ते दिल्याने कसे होईल?

वय झाले, चष्मा आहे, मोतीबिंदू काढलाय, मधुमेह आहे, तरी सहसा अडत नाही. मात्र वेळ थोडी असते. प्राण गेल्यावर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवायचे. तोवर पापण्या मिटाव्या, वर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोके उशीवर थोडे उंच ठेवावे. काम अर्ध्या तासात होते, चेहरा विद्रूप होत नाही.

मी अर्ज भरला आहे. पण अर्जाने भागत नाही, कारण त्या घडीला आपण बोलायला नसतो. संमती द्यायची आणि फोन करायचा तो रडणाऱ्या मुला-सुनांनी. आधी बोलून ठेवले नसेल तर त्या गडबडीत कोणाला सुचणार?

म्हणून उत्सवाचा प्रसाद घेऊन घरी जाल, तेव्हा सगळ्यांना जवळ बसवा आणि आपली इच्छा स्पष्ट सांगा. नेत्रपेढीचा नंबर देवघराच्या भिंतीवर लावा. श्रींचे रूप ज्या डोळ्यांनी आयुष्यभर पाहिले, ते आपल्यानंतरही कोणाच्या तरी चेहऱ्यावर उघडे राहोत, हीच महाराजांच्या चरणी प्रार्थना.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!