कानशीची सुरी

बाबा सातपूरच्या एमआयडीसीत फिटर होते. त्यांच्या पेटीत दात झिजलेली एक कानस होती. मी तिची सुरी करायला घेतली.

कानशीत साधारण एक टक्का कार्बन असतो, म्हणून ती कडक आणि म्हणूनच ठिसूळ. आधी लाल तापवून रात्रभर राखेत पुरायची. नरम झाल्याशिवाय तिच्यावर दुसरी कानस चालत नाही. मग आकार द्यायचा. मग लोहचुंबक चिकटेनासं होईपर्यंत, म्हणजे ७७० अंशांच्या थोडं वर, पुन्हा तापवून तेलात बुडवायची. शेवटी ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास. तीन रविवार गेले.

मुठीला लोखंडी कडी हवी होती, म्हणून रस्त्याकडेला पाल टाकलेल्या घिसाड्याकडे गेलो. त्याने पात्यावर नख फिरवलं. "पाणी बरं दिलंय साहेब. केवढ्याला देणार?"

"विकायची नाही हो. हौस म्हणून केली."

तो हसला. मागच्या वर्षी त्याच पालावर, त्याची बायको घण मारत असताना, मी कोयत्यासाठी घासाघीस करून वीस रुपये कमी केले होते.

हौसेला मोल नसतं म्हणतात. पण मोल न लावण्याची ऐपत मला पगाराने दिली होती. माझा आनंद खोटा नव्हता. भट्टीपाशी मी खरंच सगळं विसरलो. तरी 'हाताने केलेलं' या शब्दांना मी सुरीपाशी एक भाव देत होतो, कोयत्यापाशी दुसरा.

कडीचे त्याने सांगितले तेवढे दिले. वीस रुपयांचं बोलायला जीभ उचलली नाही.

घरी बाबांनी धार बघितली. "किती वेळ लागला?"

"तीन रविवार."

"आम्हाला रविवारचा ओव्हरटाइम मिळायचा," ते म्हणाले आणि कांदा चिरायला बसले.