उपकार कोणाचा?

काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या दिवसांत सौसर परिसरातील एका शिष्यवृत्ती समारंभास आम्ही श्रोते म्हणून उपस्थित होतो. वीज व्यवसायातील एका कंपनीने आसपासच्या गावांतील गुणवंत मुलामुलींना शिष्यवृत्ती दिली. व्यासपीठावर टेबलाएवढा पुठ्ठ्याचा धनादेश होता आणि त्याच्याशेजारी उभे राहून प्रत्येक विद्यार्थ्याचे छायाचित्र काढले जात होते. अखेरीस एका मुलीस आभाराचे दोन शब्द बोलावयास सांगितले. तिने लिहून आणलेला कागद वाचला. त्यात ‘उपकार’ हा शब्द चार वेळा आला. रक्कम मोठी नव्हती, पण नागपुरातील वसतिगृहाचा तिचा एका सत्राचा खर्च तीतून निघणार होता. तिची कृतज्ञता खोटी होती असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. तरीही घरी परतताना तो शब्द आम्हांस सलत राहिला. येथे उपकारकर्ता नेमका कोण?

कायद्याकडे पाहावे तर उत्तर सोपे वाटते. 2013च्या कंपनी कायद्याचे 135वे कलम 1 एप्रिल 2014 पासून लागू झाले. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपयांवर आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक कामांवर खर्चावेत, आणि आपल्या कामाच्या परिसरास प्राधान्य द्यावे, असे ते सांगते. आरंभी खर्च न केल्यास कारण सांगून सुटका होई. 2021 पासून उरलेली रक्कम ठरावीक निधीत वा खात्यात वळती करावी लागते आणि कसूर झाल्यास दंड आहे. जे न दिल्यास दंड होतो त्यास दान म्हणावे काय? गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही अशास कर्तव्यबुद्धीने दिलेले दान त्यांत पहिले मानले आहे. छायाचित्राची अपेक्षा ही परतफेडीची अपेक्षाच. पण याला कर म्हणावे तर तेही जमत नाही. कर भरणारा तो कोणासाठी खर्च व्हावा हे ठरवीत नाही; येथे मात्र गाव कोणते, मूल कोणते, हे देणाराच ठरवतो. सक्ती कराची आणि रुबाब दानाचा, असे हे मधलेच काही आहे.

शिवाय विजेचा व्यवसाय कापडाच्या दुकानासारखा नव्हे. साडी महाग वाटली तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते; घरात आलेली तार बदलता येत नाही. म्हणूनच विजेचे दर नियामक आयोग ठरवतो आणि त्या दरातच भागभांडवलावरील परतावा धरलेला असतो. केंद्रीय आयोगाने औष्णिक केंद्रांसाठी हा परतावा 2009 पासून अनेक वर्षे 15.5 टक्के ठेवला होता. म्हणजे नफ्याचा मोठा भाग ग्राहकाच्या बिलातून, नियमाने, ठरलेल्या प्रमाणात येतो. पांढुर्ण्याचा संत्राबागाईतदार विहिरीवरच्या मोटरपंपाचे बिल पुरते भरत नाही, त्यास सवलत आहे, असा आक्षेप कोणी घेईल; पण ती सवलतही शासन भरते, म्हणजे पुन्हा आपणच. भागधारकांची बाजूही ऐकली पाहिजे. नफा झाल्यावर तो त्यांचा, आणि त्यातील 2 टक्के त्यांच्याच खिशातून जातात, हे खरे आहे. तेव्हा ग्राहकाचे पैसे चोरून त्यालाच दान दिले असे आम्ही म्हणत नाही. एवढेच म्हणतो की देणारा आणि घेणारा हे वाटतात तितके वेगळे नाहीत.

जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये उच्च शिक्षणासाठी निधी उभारला तो स्वतःच्या संपत्तीतून, आणि कोणत्याही कायद्याच्या सक्तीविना. विशेष म्हणजे ती शिष्यवृत्ती कर्जाऊ होती. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते याच निधीच्या साहाय्याने. कर्ज हा शब्द आपल्या कानांस कठोर लागतो, पण घेणाऱ्याची मान त्यात ताठ राहते. बाराव्या शतकातील यहुदी पंडित मैमोनिडीजने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची पायरी ही की गरजूस कर्ज, भागीदारी किंवा काम द्यावे, म्हणजे पुन्हा हात पसरण्याची वेळ येऊ नये. आणि तरी त्याच टाटा घराण्याच्या वीज कंपनीने मुळशीचे धरण बांधावयास घेतले तेव्हा, 1921 मध्ये, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरण झालेच. वीज मुंबईस गेली, शेते पाण्याखाली गेली. ज्यांना शिष्यवृत्त्या मिळाल्या ते निराळे आणि ज्यांची जमीन गेली ते निराळे. एकास दिलेले विद्यादान दुसऱ्याच्या नुकसानीत वळते करून घेता येत नाही, आणि हिशेबाची ही चूक आजच्या कंपन्यांच्या चकचकीत वार्षिक अहवालांतही वारंवार होताना दिसते.

मग परिसर म्हणजे कोणता, हाही प्रश्न आहेच. आमच्या भागातील मुले शिकण्यासाठी सावनेरच्या रस्त्याने नागपूरला जातात आणि वाटेत कोराडीची धुराडी पाहतात. सौसर तालुक्यातून वाहणारी कन्हान पुढे नागपूर जिल्ह्यात उतरते. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत नागपूर हीच आमच्या राज्याची राजधानी होती. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मराठी बोलत मध्य प्रदेशात राहिलो. 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौसर मिळून वेगळा जिल्हा झाला, तरी शिष्यवृत्तीच्या अर्जावरील अधिवासाचा रकाना तसाच आहे. धूर, पाणी आणि कोळशाच्या गाड्या सीमा ओलांडतात, शिष्यवृत्ती बहुधा नाक्यावर थांबते. कायद्यात ‘स्थानिक’ या शब्दास किलोमीटरचे माप नाही. ते माप मनाचे असावे, अशी आमची भोळी समजूत आहे.

दाता नसलेली एक व्यवस्थाही आपल्याकडे आहे. सौसरचे नाव भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत मँगनीजयुक्त खडकांमुळे गेले. खाणकायद्यातील 2015च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. खाणमालकाने भरलेल्या रकमेवर खाणीची झळ लागलेल्यांचा हक्क आहे, त्यात उपकार कोणाचाच नाही. आम्हांस हेच योग्य वाटते. पण प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, आभार मानले जातात तेथे लोक निदान रक्कम विचारतात. हक्काच्या निधीचा हिशेब मागावयास आमच्यापैकी किती जण गेले? आम्ही स्वतः गेलो नाही.

पुढच्या वर्षी त्याच कंपनीने आम्हांस निवड समितीवर बोलावले. आम्ही एकच अट घातली, की मुलांना आभाराचे भाषण करावयास लावू नये आणि पुठ्ठ्याचा धनादेश नसावा. अधिकारी तरुण होते, त्यांनी ती हसत मान्य केली. त्यांनाही तो प्रकार अवघड वाटत असावा. समारंभ अर्ध्या तासात आटोपला. लोक पांगू लागले तेव्हा एका विद्यार्थ्याचे वडील अंबिया बहाराच्या संत्र्यांची भरलेली पाटी घेऊन पुढे आले. अधिकारी संकोचले, नियमाने भेट घेता येत नाही असे म्हणू लागले. ‘‘साहेब, भेट नव्हे, बागेतली आहेत,’’ असे म्हणून त्या गृहस्थांनी पाटी त्यांच्या गाडीत ठेवली.